दातांचे प्रश्न : रूट कॅनाल शिकणारे हात

प्रश्न : माझी मुलगी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन काढलेल्या दाढा मागून आली. दाढांनी भरलेली बरणी फ्रीजशेजारी ठेवली होती. एवढी फी भरल्यावर कॉलेज दात देत नाही का? आणि काढून टाकलेल्या दाढेवर ही मुलं रूट कॅनाल काय शिकणार? — एक आई, बार्शी

ताई, बरणी बघून तुम्हाला कसंसंच झालं असणार. पण तुमची लेक मन लावून शिकते आहे, एवढं मला त्या बरणीवरून कळलं. मी डेंटल कॉलेजात एंडोडॉन्टिक्स, म्हणजे दाताच्या आतल्या भागाचे उपचार शिकवते. दरवर्षी नव्या बॅचला मी पहिली गोष्ट सांगते ती हीच, की दाढा जमवायला लागा.

प्लास्टिकचे दात कॉलेजात असतात. दुसऱ्या वर्षी ते दात फँटम हेडमध्ये, म्हणजे बाकाला जोडलेल्या नकली डोक्याच्या जबड्यात बसवतात आणि मुलं त्यांवर खड्डा कोरायला, भरायला शिकतात. तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण प्लास्टिक वरपासून खालपर्यंत हाताला सारखंच लागतं. खऱ्या दाढेचं इनॅमल अतिशय कठीण, त्याखालचं डेंटिन त्यामानाने मऊ. बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं फिरतं टोक, इनॅमलमधून डेंटिनमध्ये शिरला की आवाज बदलतो, लावावा लागणारा जोर बदलतो. आणखी खाली दाढेच्या पोटातल्या पोकळीत, आम्ही तिला पल्प चेंबर म्हणतो, बर उतरला की हात एकदम हलका होतो. तो हलकेपणा ओळखून तिथल्या तिथे थांबायचं, हा रूट कॅनालचा पहिला धडा. जो थांबत नाही तो चेंबरचा तळ फोडून मुळांच्या बेचक्यात निघतो. बरणीतल्या दाढेला असं भोक पडलं तर दुसरी दाढ घेता येते. माणसाच्या तोंडात पडलं तर ती दाढ गमावायची वेळ येऊ शकते.

शिवाय हा हलकेपणा प्रत्येक दाढेत मिळतोच असं नाही. आपल्याकडे मिशरी घासणारी, सुपारी चघळणारी माणसं पुष्कळ. त्यांच्या दाढा वरून झिजून सपाट होतात, आणि दाढ वरून झिजते तसतसं आतून नवं डेंटिन तयार होत जातं. चेंबरचं छत खाली सरकतं, कधीकधी जवळजवळ तळाला टेकतं. अशा दाढेत हात हलका व्हायची वाट बघत बसलेला विद्यार्थी तळाच्या आरपार जातो. म्हणून बर हातात घेण्याआधी एक्स-रेवर छत किती खोल आहे ते मोजायचं, ती खोली बरवर खूण करून ठेवायची आणि खुणेपाशी थांबून बघायचं. तुमच्या भागातून गोळा झालेल्या बरणीत अशा झिजलेल्या दाढा असणारच. तारा लावण्यासाठी काढलेले कोवळ्या मुलांचे दातही असतील, त्यांच्यात चेंबर मोठं आणि सोपं असतं. मुलीला म्हणावं, सोप्यांवर हात बसला की मुद्दाम झिजलेल्या निवड.

आता तिला त्या दाढेत काय दिसतं तेही सांगते, म्हणजे बरणीची किळस थोडी कमी होईल. खालची पहिली मोठी दाढ घ्यायची, वरचं छत नीट काढून टाकायचं, पाण्याने धुवायची, हवेने सुकवायची आणि दिव्याखाली धरायची. चेंबरच्या भिंती फिक्या दिसतात आणि तळ त्यांच्यापेक्षा गडद, करडा दिसतो. त्या तळावर आणखी गडद अशा बारीक रेषा असतात. रेषेवरून नजर नेली की ती एका बारीक ठिपक्यापाशी संपते, अगदी तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे. तो ठिपका म्हणजे कॅनालचं, मुळातून जाणाऱ्या बारीक नळीचं, तोंड. एक्स्प्लोरर, म्हणजे तपासायची टोकदार सळई, त्यात टेकवला की तो किंचित अडकतो, सोडवून घ्यावा लागतो. ते अडकणं बोटांना एकदा कळलं की पुढे जन्मभर उपयोगी पडतं. पॉल क्रॅस्नर आणि हेन्री रँकोव यांनी ५०० काढलेले दात असेच बघून २००४ साली या तळाचे नियम मांडले. तळ नेहमी गडद, कॅनालची तोंडं नेहमी तळ आणि भिंतीच्या सांध्यावर, चेंबर दाताच्या मानेच्या पातळीला मधोमध. आज कॉलेजांत हे नियम शिकवले जातात, आणि ते काढलेल्या दातांवरूनच आलेले आहेत.

एक मात्र तिला आजच सांगा. बरणी घरात, स्वयंपाकघराच्या आसपास नको. काढलेल्या दाढेवर रक्त असतं, म्हणजे संसर्गाचा धोका असतो. त्या ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून झाकणबंद ठेवायच्या, हातमोज्यांशिवाय हाताळायच्या नाहीत, आणि कॉलेजात नेल्यावर काम सुरू करण्याआधी ऑटोक्लेव्ह करायच्या, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायच्या. ज्या दाढेत चांदीचं फिलिंग आहे ती ऑटोक्लेव्हमध्ये घालायची नाही, कारण तापल्यावर त्यातून पाऱ्याची वाफ निघते. ती फॉर्मलिनमध्ये वेगळी ठेवायची.

प्रश्न : माझ्या वडिलांचा वरचा पुढचा दात फार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्यावर हळूहळू काळा पडला. आता त्यावरच्या हिरडीवर फोड येऊन पू येतो. जवळच्या डेंटल कॉलेजात नेलं तर रूट कॅनाल इंटर्न करेल असं सांगितलं. खर्च कमी आहे, पण शिकाऊ मुलाच्या हाती वडिलांना द्यावं का? — एक वाचक, कोल्हापूर

द्यावं, असं माझं मत आहे. तरी तुमची शंका रास्त आहे, त्यामुळे आत काय काय घडतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला खुर्चीशेजारी उभं राहून बघता येईल.

बऱ्याच कॉलेजांत इंटर्न आणि शेवटच्या वर्षाची मुलं पुढच्या, एकाच मुळाच्या दातांचं रूट कॅनाल करतात. दाढा बहुतेक वेळा एमडीएस, म्हणजे पुढचं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्यांकडे जातात. वडिलांचा दात वरचा पुढचा, सरळ मुळाचा, आणि त्यात बहुधा एकच कॅनाल असतो. शिकण्यासाठी यापेक्षा योग्य दात नाही.

इंटर्न आधी दात तपासेल. गार लावून बघेल, पण आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावेल आणि मग काळ्या दाताला. हा क्रम आम्ही शिकवतो, कारण गार वाटणं म्हणजे काय हे रुग्णाला आधी कळावं लागतं. वडिलांच्या दातातला पल्प, ज्याला आपण नस म्हणतो, बहुधा केव्हाच मेलेला आहे. तिथे जंतूंनी घर केलंय, आणि मुळाच्या टोकातून बाहेर पडणारा पू हिरडीवर फोड होऊन येतोय.

मग रबर डॅम. दाताभोवती रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त तो एक दात वर आलेला. १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी हा काढला, आणि त्याच्याशिवाय रूट कॅनाल करू नये असं मी मुलांना ठणकावून सांगते. लाळ आत गेली तर लाळेतले जंतू कॅनालमध्ये जातात. हातातून फाइल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सळई, निसटली तर ती घशात, क्वचित श्वासनलिकेतही जाऊ शकते. वडिलांना डॅम लावला नाही तर विनासंकोच विचारा, का नाही लावला.

दात मागच्या बाजूने उघडतात, त्रिकोणी आकारात. नवख्या हाताचा बर इथे ओठाच्या बाजूला सरकतो, कारण वरचा पुढचा दात तिरका असतो आणि काम आरशात बघून उलटं करावं लागतं. म्हणून दात उघडला की पुढे जाण्याआधी शिक्षक येऊन बघतात आणि केस पेपरवर सही करतात. सही झाल्याशिवाय मुलाला पुढे जाता येत नाही. अशी सही लांबी मोजल्यावर, कॅनाल भरायचा गटापर्चा बसवून बघितल्यावर आणि भरून झाल्यावर पुन्हा होते.

लांबी मोजणं हा रूट कॅनालचा गाभा, आणि माझा शिकवण्याचा सगळ्यात आवडता भाग. फाइल म्हणजे स्टीलची बारीक पिळाची सळई. तिच्यावर रबराची एक चिमुकली चकती असते. इंटर्न फाइल कॅनालमध्ये घालतो, चकती दाताच्या कडेला टेकवतो आणि एक्स-रे काढतो. फाइलचं टोक मुळाच्या टोकाच्या किती अलीकडे आहे ते बघतो, तेवढे मिलिमीटर मिळवतो. फाइल बाहेर काढून पट्टीवर मोजतो. वरच्या पुढच्या दाताची लांबी सरासरी २२-२३ मिलिमीटर असते, पण सरासरीवर काम करायचं नसतं, या दाताची लांबी काढायची असते. थांबायचं ते एक्स-रेमधल्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे, कारण कॅनाल साधारण तिथे सर्वांत अरुंद असतो आणि त्यापुढे मुळाभोवतीच्या जिवंत पेशी सुरू होतात. तिथवर साफ करायचं, त्यापुढे जायचं नाही. हल्ली अपेक्स लोकेटर नावाचं यंत्र ही जागा विजेच्या रोधावरून सांगतं. त्यामागचं तत्त्व जपानमध्ये सुनादा यांनी १९६२ मध्ये वापरात आणलं. यंत्र उत्तम आहे, तरी मुलांनी पट्टीवर मोजायला शिकलंच पाहिजे असा माझा आग्रह असतो.

मग फाइली क्रमाने मोठ्या होत जातात. पंधरा नंबर पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी. आमच्या मुलांना हे रंग झोपेतही पाठ असतात. पंधरा म्हणजे टोकाची जाडी ०.१५ मिलिमीटर. फाइल अडली तर ढकलायची नाही. मागच्या नंबरवर यायचं, धुवायचं, पुन्हा जायचं. धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी ते अगदी पातळ करून सैनिकांच्या जखमा धुवायला वापरलं. ते जंतू मारतं आणि मेलेला पल्प विरघळवतं, पण मुळाच्या टोकाबाहेर जोराने गेलं तर गाल क्षणात सुजतो आणि असह्य वेदना होतात. म्हणून सुई कॅनालमध्ये घट्ट अडकू द्यायची नाही, सतत वरखाली हलवत ठेवायची, आणि सिरिंज अंगठ्याने न दाबता तर्जनीने दाबायची, म्हणजे जोर कमी येतो. इंटर्नची तर्जनी बघा. त्याला नीट शिकवलंय की नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.

शेवटी कॅनाल गटापर्चाने भरतात. हा मलाया, इंडोनेशियाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींवर हाच चढवायचे, कारण त्यात पाणी शिरत नाही. एक्स-रेमध्ये भरलेला कॅनाल पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, आणि लोक ती रेघ बघून काम चांगलं झालं म्हणतात. मुलंही आधी तसंच समजतात. मी त्यांना सांगते, खरकट्या भांड्यात ताजं दूध ओतलं तर ते नासणारच. रेघ दिसते, साफसफाई दिसत नाही. दोन तासांच्या कामातला बहुतेक वेळ त्या न दिसणाऱ्या कामात गेला पाहिजे.

वेळ मात्र काढून जा. खाजगी दवाखान्यात लवकर संपणारं काम इथे दोन-तीन सिटिंग घेईल. दाताचा काळेपणा रूट कॅनालनंतर आतून ब्लीच करून पुष्कळसा घालवता येतो, तेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या वस्तीवरचे बरेच पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. एका पालकाची खालची दाढ ठणकत होती. पहिल्या सिटिंगला डॉक्टरांनी नस काढली, ठणका थांबला, तो मुकादमाच्या गाडीत बसून निघून गेला. मार्चमध्ये परत आला तो गाल सुजलेला. नस काढली होती तर पुन्हा दुखणं कसं उद्भवलं? — एक शिक्षक, आष्टी तालुका, जि. बीड

गुरुजी, तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. ठणका थांबला म्हणजे उपचार संपला, हा समज दाढा घालवणाऱ्या कारणांत फार वरचा आहे.

विद्यार्थ्यांना आम्ही एक जुना प्रयोग शिकवतो. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले आणि काही नेहमीच्या वातावरणात. दोन्हींच्या दाढा कोरून पल्प उघडा पाडला आणि तसाच सोडला, वर अन्न साचत होतं. नेहमीच्या उंदरांचा पल्प कुजला, मुळाशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या पल्पवर नवं डेंटिन तयार होऊन जखम भरून आली. जखम तीच, अन्न तेच, फरक फक्त जंतूंचा. म्हणजे नस काढणं हा उपचाराचा अर्धा भागही नाही. आतले जंतू जाऊन वरून नवे येणार नाहीत अशी दाढ बंद होणं, हा उपचार.

तुमच्या पालकाची नस पहिल्या दिवशी निघाली, म्हणून वेदना थांबल्या. पण वर बसवलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवडे टिकण्यासाठीच असतं. ऊस चावून खाणाऱ्याच्या दाढेत ते आणखी लवकर झिजतं. ते गळालं की रिकाम्या कॅनालमध्ये लाळ आणि जंतू शिरतात, आणि आता तिथे जिवंत पल्प नसल्याने त्यांना अडवणारं, दुखून इशारा देणारंही कुणी नसतं. सगळं मुकाट्याने मुळाच्या टोकापर्यंत जातं आणि मग एक दिवस गाल सुजतो.

आता काय करायचं? मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन सूज उतरवत बसू नये. गोळीने सूज उतरेल, पण कॅनालमध्ये रक्तपुरवठाच नाही, त्यामुळे औषध जंतूंपर्यंत पोहोचत नाही. सूज पुन्हा येणार. त्यांना दवाखान्यात पाठवा, दाढ बहुधा अजून वाचेल. आणि एक लक्षात ठेवा, वस्तीवर सगळ्यांना सांगा : दाढेच्या सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यायचं. अशी सूज श्वास कोंडू शकते.

या बाबतीत दोष फक्त पालकाचा नाही, असं मला मनापासून वाटतं. हंगाम सुरू झाला, मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यात दाढेसाठी कोण मागे राहणार? हे डॉक्टरनेच आधी विचारलं पाहिजे. माझ्या विभागात केस पेपरवर वय, पत्ता, साखर, रक्तदाब लिहून झाल्यावर मी मुलांना एक प्रश्न विचारायला लावते : पुढच्या महिन्यात तुम्ही इथे आहात का? नसतील, आणि दाढेत पू साचलेला नसेल, तर शक्य तिथे एकाच सिटिंगमध्ये रूट कॅनाल पुरं करावं. एका सिटिंगचं आणि अनेक सिटिंगचं यश जवळपास सारखंच असतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं. एका सिटिंगनंतर पहिले काही दिवस थोडं जास्त दुखू शकतं इतकंच. आणि पुरं होणारच नसेल तर वर साध्या तात्पुरत्या सिमेंटऐवजी ग्लास आयोनोमरसारखं चिवट काहीतरी भरून पाठवावं, आणि परत आल्यावर लगेच या, असं रुग्णाच्या हातात लिहून द्यावं. तुम्ही शाळेत असता, मुलं तुमच्याकडे असतात. दिवाळीआधी पालकांना एकदा विचारता आलं, कुणाची दाढ अर्धवट आहे का, तर पुष्कळ दाढा वाचतील.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला आहे की रूट कॅनाल केलेला दात शरीरात विष सोडतो आणि त्यातून कॅन्सर होतो. दोन जणांनी चांगले दात काढायचं ठरवलंय. — ठाणे

काढू नयेत. या गोष्टीला शंभरहून जास्त वर्षं झाली. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलला भाषण करून कुजलेल्या दातांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर टीका केली. पुढे वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनाल केलेल्या दातांचे तुकडे सशांच्या कातडीखाली घालून प्रयोग केले आणि दात शरीराला रोगी करतात असा निष्कर्ष काढला. त्यानंतर काही दशकं लोकांचे चांगले दात उपटले गेले. पुढे ते प्रयोग जास्त काळजीने तपासले गेले तेव्हा त्यांच्या पद्धतीतच खोट निघाली. रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो याला पुरावा नाही. तोंडात नीट न साफ झालेला, पू असलेला दात ठेवणं मात्र चांगलं नाही, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी. ज्यांना शंका आहे त्यांनी त्या दाताचा एक्स-रे काढून घ्यावा, मुळाशी काळी सावली नसेल तर निश्चिंत राहावं.

प्रश्न : दाढेचं रूट कॅनाल झालं, दुखणं गेलं. डॉक्टर आता कॅप लागेल म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे सांगतात. ती खरंच लागते का? — सांगली

दाढेला लागते. रूट कॅनालसाठी दाढेचं छत काढावं लागतं, आधी कीडही बरीच खाऊन गेलेली असते. उरतात त्या चार भिंती, आणि चावण्याचा सगळा जोर त्यांच्यावर. बिनकॅपची दाढ एखाद्या दिवशी भाकरी खाताना उभी चिरते, आणि चीर मुळात उतरली तर दाढ काढावीच लागते. कॅप लावलेल्या दाढा बिनकॅपच्या दाढांपेक्षा खूपच जास्त टिकतात. पुढच्या दाताचं बरंचसं शाबूत असेल तर तिथे नुसतं फिलिंगही पुरतं. पैशांची अडचण असेल तर सिरॅमिकचा हट्ट सोडा, दाढेला धातूची कॅप अतिशय टिकाऊ असते. डेंटल कॉलेजात ती बरीच स्वस्त पडते.

प्रश्न : मी अकोल्याकडच्या कॉलेजात इंटर्न आहे. पुढचे दात आता जमतात, पण दाढेची भीती वाटते. बरोबरची मुलं सरळ रोटरीवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या फाइलींनी, काम करतात. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनाल असतो म्हणतात, तो मला एकदाही सापडलेला नाही. आणि फाइल आत तुटली तर? — एक इंटर्न

तू हे लिहून विचारलंस ते बरं केलंस. विभागात उभं राहून विचारायला मुलं कचरतात, मला माहीत आहे.

चौथ्या कॅनालपासून सुरू करते. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात दुसरा कॅनाल अर्ध्याहून जास्त दाढांत असतो, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आणखी जास्त दाढांत सापडतो. तो नाही असं म्हणू नकोस, अजून मिळाला नाही असं म्हण. पहिल्या कॅनालच्या तोंडापासून टाळूच्या कॅनालकडे मनात रेघ ओढ, तो त्या रेघेवर किंवा रेघेच्या थोडा पुढच्या बाजूला असतो. बऱ्याचदा त्याच्यावर डेंटिनची छोटी कड आलेली असते, ती अल्ट्रासॉनिक टिपने किंवा बारीक बरने हलकेच काढावी लागते. तुझ्या चेंबरचा आकार अजून त्रिकोणी असेल तर चौकोनाकडे झुकू दे. आणि हे सगळं रुग्णावर करण्याआधी काढलेल्या दाढांवर कर. मग ती दाढ आडवी कापून बघ, म्हणजे कॅनाल कुठे होता ते डोळ्यांना दिसेल. चौथा कॅनाल सोडून दिलेल्या दाढा पुढे दुखत आमच्याकडे येतात, आणि तेव्हा काम पहिल्यापेक्षा कठीण झालेलं असतं.

रोटरीबद्दल माझं मत ठाम आहे. निकेल-टायटॅनियमच्या फाइली ही मोठी देणगी आहे. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी दात सरळ करण्याच्या तारेपासून अशा फाइली बनवून दाखवल्या. स्टीलपेक्षा त्या कितीतरी लवचिक आहेत, वाकड्या कॅनालमध्ये कॅनालप्रमाणे वळतात. पण दहा नंबरची हाताची फाइल पूर्ण लांबीपर्यंत मोकळी गेल्याशिवाय यंत्र आत घालायचं नाही. कॅनाल वाकलाय, की दुभंगलाय, की डेंटिनच्या चुऱ्याने चोंदलाय हे ती दहा नंबर तुझ्या बोटांना सांगते. मोटर ते सांगत नाही, फिरत राहते आणि तुटते.

तुटणं बहुतेक वेळा आधी कळतं. प्रत्येक वेळी फाइल बाहेर काढलीस की ओल्या गॉजने पूस आणि उजेडात धरून पिळे बघ. एक पिळा जरी सैल किंवा घट्ट दिसला, वाकलेला भाग चमकला, तर फेकून दे. निकेल-टायटॅनियममध्ये मात्र थकवा दिसत नाही, ती खूण न देता तुटते, म्हणून किती कॅनालसाठी वापरली त्याची नोंद ठेव. कोरड्या कॅनालमध्ये कधीही फिरवू नकोस.

आणि तुटलीच, तर हात थांबव. एक्स-रे काढ, शिक्षकांना बोलाव. मग रुग्णाला स्वतः सांग, त्याच दिवशी, मराठीत, साध्या शब्दांत : फाइलचा एवढा तुकडा आत राहिला आहे, त्याच्या बाजूने वाट काढता येईल किंवा तो काढता येईल, कदाचित तसाच ठेवून दाढ भरावी लागेल, आणि आम्ही अमुक महिन्यांनी पुन्हा एक्स-रे बघू. तुकडा राहूनही दाढ टिकू शकते, विशेषतः तोवर कॅनाल बऱ्यापैकी साफ झालेला असेल तर. हे सगळं केस पेपरवर लिही, आणि रुग्णाला एक्स-रेची प्रत दे. पाच वर्षांनी तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर त्या डॉक्टरला आत काय आहे ते कळलं पाहिजे.

दाढेची भीती जाण्याचा एक उपाय तुझ्या हातात आहे. पुढच्या पोस्टिंगला एमडीएसच्या एखाद्या ताईला सांग, तुमची दाढ असेल तेव्हा मी असिस्ट करते. सक्शन धर, सिरिंज भरून दे, आणि ती कुठे थांबते ते बघत राहा. तिला विचारत जा, इथे का थांबलात.